टेकडीपलीकडची खाण

लग्नानंतरची बरीच वर्षं मी दहिवडीत आणि माझा नवरा मुंबईत, असा आमचा संसार चालला. आमच्या गल्लीत त्याचं कुणाला नवल नव्हतं. घरोघरचे पुरुष मुंबईलाच. सणाला, जत्रेला गल्ली माणसांनी भरायची आणि मग परत बायका, म्हातारी माणसं आणि शेरडं एवढंच उरायचं.

तो लिफ्टच्या देखभालीचं काम करायचा. ब्रेक बघायचा, दोर बघायचा, दारं नीट मिटतात का ते तपासायचा, आणि जरा जरी शंका आली की लिफ्ट बंद करून दारावर पाटी लावायचा. वरच्या मजल्यांवरचे लोक त्याच्यावर डाफरायचे. मी बाजारपेठेतल्या एका ई-सेवा केंद्रात कॉम्प्युटरवर बसायचे. दाखले, उतारे, कॉलेजच्या पोरींचे अर्ज. घरी सासूबाई होत्या. मी त्यांना आत्या म्हणते. त्यांचं माहेर-सासर दोन्ही मेंढरं राखणारं. मेंढरं केव्हाच गेली होती, पण चार शेरडं त्यांनी हट्टानं ठेवली होती.

रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा. "जेवलीस का?" "पाणी आलं का?" "आईचा गुडघा कसा हाय?" मी सगळ्याला बरं, व्हय, आलं असं म्हणायचे. मग दोघंही गप्प. फोन ठेवायची इच्छा नसायची आणि बोलायला काही नसायचं. फोनवर मी त्याला तुमी म्हणायचे, मनातल्या मनात तो. आमच्यात तेवढंच अंतर होतं असं नाही, पण ते एक होतंच.

एकदा तो जरा लाजतच म्हणाला, "एक गेम हाय. खोलीतला एक गडी खेळतुया. दोघास्नी मिळून खेळता येतो. तू घेतीस का फोनवर?"

मला हसू आलं. "आवं, आपलं वय काय, गेम खेळायचं हाय का?"

"बग तरी. तुला आवडंल. गोळीबार-बिळीबार न्हाई. वस्ती वसवायची आसती."

गेममध्ये एक बर्फाळ मुलूख असतो. तिथं मूठभर माणसं येऊन उतरतात. त्यांना घरं बांधून द्यायची, शेतं करून द्यायची, सरपण साठवायचं, आजारी पडली तर दवाखाना उभा करायचा. उन्हाळा चिमूटभर, हिवाळा लांबच लांब. ऊब मिळवायला जंगलातलं लाकूड असतं, पवनचक्क्या लावता येतात. आणि जमिनीखाली लाल दगड असतो. त्याची ऊब लाकडाच्या कितीतरी पट. पण तो खणताना विषारी वाफ निघते, माणसं खोकायला लागतात, आणि साठा मोठा झाला की तो आपोआप पेट घेऊ शकतो. घेईलच असं नाही. घेऊ शकतो. सगळी मेख तिथंच होती.

पहिली वस्ती आम्ही त्याच्या मनाप्रमाणं वसवली. म्हणजे त्यानं वसवली आणि मी बघत बसले. त्यानं पहिल्याच उन्हाळ्यात लाल दगडाची खाण काढली, तीही भटारखान्याला लागून, कारण तिथून वाहतूक जवळ. वस्ती भराभरा वाढली. काचेची शेतघरं झाली, मोठा दवाखाना झाला, नवी माणसं येऊन राहायला लागली.

"आवं, साठा लय झालाय," मी म्हणायचे.

"हूं दे की. थंडीत कामाला यील."

एका रविवारी दुपारी मी भाकरीचं पीठ मळत होते आणि फोन कणगीला टेकवून ठेवला होता. पडदा एकदम नारिंगी झाला. भटारखाना, त्याच्याशेजारची घरं, शेतघरं, सगळं गेलं. त्याचा फोन आला तेव्हा तो पोट धरून हसत होता. "काय उडालं गं! बगितलंस का?"

मला हसू येईना. त्या भटारखान्यात मी एका बाईला स्वयंपाकाला ठेवलं होतं आणि तिला घर मुद्दाम जवळच दिलं होतं, थंडीत लांब चालायला नको म्हणून. बोटाएवढी बाहुली ती, पण माझ्या मनाला लागलं.

माझं माहेर सांगलीजवळ, कृष्णेच्या काठावर. वडील पावसाळ्यात सांगायचे, पाणी काठच्या मळीच्या रानापर्यंत येतं आणि मागं फिरतं. वर्षानुवर्षं ते तसंच फिरत आलं होतं. एका वर्षी ते फिरलं नाही. आम्ही धान्य माळ्यावर चढवलं, मग माळाही सोडला आणि नावेतून बाहेर पडलो. वडिलांचं काही चुकलं होतं असं मला आजही वाटत नाही. पण तेव्हापासून कुठल्याही गोष्टीकडं बघताना मी आधी मोजते, की ती आपल्या दारापासून किती लांब आहे.

म्हणून दुसरी वस्ती माझ्या मनाप्रमाणं. लाल दगडाला हात लावायचा नाही. एक झाड तोडलं की एक लावायचं. कोठारं भरल्याशिवाय नवं घर नाही. टेकडीवर पवनचक्क्यांची रांग, आमच्याकडच्या डोंगरांवर असते तशी. किती हिवाळे सुखात गेले. तो कंटाळायचा. "तुझ्या वस्तीत कोन म्हातारं झाल्याबिगर दुसरं काय घडतच न्हाई बग."

"न घडलेलंच बरं," मी म्हणायचे.

मग एक हिवाळा संपेचना. वारा पडला, चक्क्या थांबल्या. लावलेली झाडं अजून कोवळी होती, तीही मी तोडली. घरं गार पडली. कुणी मेलं नाही, कुठं आग लागली नाही. पण पडद्याच्या कोपऱ्यात इंग्रजीत एक ओळ आली, की एक रहिवासी वस्ती सोडून गेला. थोड्या वेळानं आणखी एक. मी पडदा सरकवून बघितलं तर पाठीवर बोचकं घेतलेली माणसं एकामागून एक बर्फातून निघाली होती. सगळ्यात आधी तरणी माणसं गेली.

या वेळी तोही हसला नाही.

आत्या माझ्या शेजारी शेरडासाठी पाला निवडत बसल्या होत्या. त्यांनी डोकावून विचारलं, "काय गं, तोंड का पडलं?"

मी त्यांना जमेल तसं सांगितलं. ऊब संपली, माणसं चालली.

"मग समद्यांनीच हलायचं की," आत्या म्हणाल्या. "आमी मेंढरं घिऊन न्हाई का जायाचो? चारा सपला की बिऱ्हाड घोड्यावर."

"आत्या, गेममदी तसं हलता येत न्हाई."

"मग कसला ह्यो खेळ," म्हणाल्या आणि पाला घेऊन उठल्या.

तिसऱ्या वस्तीच्या वेळी आम्ही आधी बोललो. भांडलो म्हटलं तरी चालेल. त्याचं म्हणणं, दगडाशिवाय लांबचा हिवाळा निघत नाही, हे तुला दिसलंय. माझं म्हणणं, दगडानं काय होतं ते तुम्हालाही दिसलंय. शेवटी ठरलं की खाण काढायची, पण वस्तीत नाही, टेकडीपलीकडं. वाहतूक लांबची झाली तर झाली. साठा एका हिवाळ्यापुरता. खाणीत माणसं आळीपाळीनं, आणि दवाखाना खाणीच्या आधी. त्याला हे सगळं रटाळ वाटलं, मला धोक्याचं वाटलं. पण वस्ती उभी राहिली. लहानच राहिली, पण दोन मोठे हिवाळे तिनं काढले. आणि आमचा फोन आता लांबायला लागला होता. पाणी आलं का, हे विचारायचं कधीकधी राहूनही जायचं.

मग एक दिवस मी केंद्रातून घरी आले, गेम उघडला, तर त्यानं दुपारच्या सुट्टीत दुसरी खाण काढून ठेवलेली. वस्तीच्या अगदी कडेला. साठा दुप्पट. मी चिडून फोन लावला.

"ठरलं काय हुतं आपलं?"

"आगं, गेम हाय त्यो."

"मग गेममदी तरी ठरल्यापरमानं वागा."

तो एकदम भडकला. एरवी तो आवाज चढवत नाही. "आक्खा दिस मी काय करतो ठावं हाय का तुला? ह्ये नगं, त्ये नगं, ह्ये बंद करा, त्ये तपासा. माज्या हातनं कायतरी चुकंल आन् वरनं पिंजरा खाली यील, ह्येच डोक्यात. दिसभर भीत भीत जगतो मी. एक तिथं तरी मला मोकळं हूं दे की."

मला वाटतं मी तेव्हा गप्प बसू शकले असते. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "आन् मी? आत्या शेरडांच्या खोपटात पडल्या तवा साताऱ्याला कोनी नेलं? आपरेशन करायचं का न्हाई, डाक्टरनं माज्याकडं बगून इचारलं. सही मी केली. काय झालं आसतं तर? तुमच्यापुढं उभी ऱ्हाऊन काय सांगितलं आसतं मी? माजा समदा दिस धोक्याचाच जातो. म्हून मला तिथं तरी भरलेली कोठारं लागत्यात."

त्यानं हळूच विचारलं, "आपरेशन?"

आत्यांच्या मांडीच्या हाडाचं ते ऑपरेशन. त्याला मी तेव्हा फक्त पडल्या, मार लागला, बरं हाय, एवढंच सांगितलं होतं. आत्यांनीच सांगू दिलं नव्हतं. पोरगं उंचावर काम करतं, त्याच्या डोक्याला घोर नको, असं त्यांचं म्हणणं. तो सुट्टीला आला तोवर त्या काठी घेऊन चालत होत्या आणि काठी गुडघ्यासाठी आहे असं आम्ही त्याला सांगितलं होतं.

त्यानं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याचा फोन आला. तो कधी सकाळी करत नाही. मागून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते.

"मी बी एक सांगितलं न्हाई तुला," तो म्हणाला.

त्याच्याबरोबर पूर्वी काम करणारा, वयानं मोठा असा एक जण सांगलीला परतला होता. कुपवाडला त्यानं छोटा गाळा घेतला होता. सांगली-मिरजेत बिल्डिंगी उभ्या राहत होत्या, जुन्या लिफ्टकडं बघायला माणूस मिळत नव्हता. त्यानं माझ्या नवऱ्याला भागीदारीत बोलावलं होतं. एकदा नाही, पुष्कळदा. आणि ह्यानं प्रत्येक वेळी नाही म्हटलं होतं. नोकरी पक्की, पगार वेळेवर, उगाच कशाला.

"मला का न्हाई सांगितलंत?"

"तू न्हाईच म्हनली आसतीस. तू झाड तोडायच्या आधी रोप लावनारी."

पण मी जायला हो म्हटलं. लगेच. मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. पण त्या बोचकी घेतलेल्या बाहुल्या बघितल्यापासून काहीतरी माझ्या मनात रुतून बसलं होतं. आम्ही जपून राहत होतो ते नेमकं काय जपत होतो? वर्षातले थोडे दिवस एका घरात.

पुढच्या सुट्टीत तो आला तेव्हा आम्ही अंगणात बसून सगळं बोललो. नोकरी लगेच सोडायची नाही, बिनपगारी रजा काढून बघायचं, असं मी सुचवलं. माझं केंद्रातलं काम तोवर सुरू राहील.

"टेकडीपलीकडं," तो हसत म्हणाला.

"त्या गेमचं हितं काय आनू नका," मी म्हटलं. "हितं परत पयल्यापासनं सुरू करता येत न्हाई."

आत्यांना सांगितलं तर त्या आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघत बसल्या. "तुमी जावा. मी हितनं हलनार न्हाई. शेरडं कुनाच्या जीवावर टाकू?" चारा संपला की बिऱ्हाड हलवणाऱ्या याच आत्या. मला ते बोलून दाखवायचा मोह झाला, पण त्यांच्या हातातली काठी बघून मी तो गिळला.

तो कुपवाडला गेला. गाळ्याच्याच मागच्या खोलीत राहायचा. सुरुवातीला फोनवर नुसता उत्साह. मग फोन आखूड व्हायला लागले. मग एक दिवस म्हणाला, "मी परत जातो मुंबईला. रजा संपायच्या आत गेल्यालं बरं."

कारण सांगेना. मी केंद्रातून सुट्टी घेतली आणि सकाळची एसटी धरली. विट्याला गाडी बदलून सांगलीला पोचले तेव्हा ऊन टळटळीत होतं. गाळ्यावर तो एका जुन्या मोटरपुढं बसला होता, हात कोपरापर्यंत काळे. भागीदार आमच्याकडं पाठ करून कसलातरी रॉड घासत होता. दोघांत बोलणं नाही हे दारातूनच कळत होतं.

मी डबा उघडला, तिघांना वाढलं. मग कळलं ते असं. एका बिल्डरनं मोठं काम देऊ केलं होतं. फक्त लिफ्ट लवकर सुरू करून हवी होती, लोक राहायला येणार होते. दोर तुटला तर पिंजरा जागीच धरून ठेवणारा जो भाग असतो तो नंतर बसवू म्हणाला. माझ्या नवऱ्यानं सरळ नकार दिला. भागीदाराला विचारलंही नाही. काम गेलं.

"मी नंतर बसवूनच घेतलं आसतं की," भागीदार मला म्हणाला. "मी काय माणसं मारायला बसलोय का, वहिनी? पन ह्यो एक शब्द बोलायच्या आत न्हाई म्हनून आला."

"आन् तवर कोन चढलं आसतं तर?" नवरा म्हणाला.

मला भागीदाराचा रागही कळत होता. त्यानं या गाळ्यासाठी सगळं पणाला लावलं होतं आणि त्याला पहिलं मोठं काम असं हातातून जाताना बघावं लागलं. पण नवऱ्याकडं बघितलं आणि मला बरं वाटलं. तो नोकरी सोडायला निघाला होता, मुंबईच्या पक्क्या पगारावर पाणी सोडायला निघाला होता, तो धोका त्याचा स्वतःचा होता, आमचा होता. दुसऱ्याच्या अंगावर जाणारा धोका मात्र त्यानं एक दिवससुद्धा चालवून घेतला नाही. ज्या भित्रेपणाला तो वैतागला होता, तोच त्याचा खरा कस होता.

मी भागीदाराला म्हटलं, "दादा, त्यांनी तुमास्नी इचारायला पायजे हुतं, ती चूक हाय त्यांची. पन न्हाई म्हनले ती चूक न्हाई."

भागीदार भाकरीचा तुकडा आमटीत बुडवत राहिला. मग म्हणाला, "आमटी झणझणीत झालीया." त्या दिवशी तेवढ्यावर भागलं. संध्याकाळच्या गाडीनं मी परतले तेव्हा नवरा स्टँडवर सोडायला आला. मुंबईचं नाव त्यानं काढलं नाही, मीही काढलं नाही.

तो बिल्डर परत कधी आला नाही. मोठी कामं अजूनही फारशी येत नाहीत. पण सांगलीच्या गावभागात, जुन्या वस्तीत, जुन्या इमारती असतात, ज्यांच्या लिफ्टना अजून लोखंडी जाळीची दारं आहेत. मोठ्या कंपन्या तिकडं फिरकत नाहीत. ती कामं हळूहळू यांच्याकडं आली. एक जुना दवाखाना आला, मग त्याच्या ओळखीनं दुसरा. मुंबईइतकी कमाई नाही. काही महिने ओढाताणीचे जातात. रजा संपली तेव्हा त्यानं राजीनामा पाठवला आणि दिवसभर जेवला नाही. मीही त्या दिवशी फार काही शहाणपणाचं बोलले नाही. भीती वाटत होतीच.

गेमचं म्हणाल तर तो त्याच्या फोनबरोबर गेला. फोन एका लिफ्टच्या खड्ड्यात पडला. वस्ती त्याच्या खात्यावर होती आणि पासवर्ड त्याला आठवेना. नवी वस्ती वसवू म्हणून आम्ही दोनदा बसलो, पण एकाच खोलीत शेजारी बसून खेळायला काही मजा येईना. आता मी सांगलीतच एका केंद्रात काम करते. आत्या दहिवडीतच आहेत. शेजारी राहणारी त्यांची पुतणी त्यांच्याकडं झोपायला असते, आणि आम्ही जमेल त्या रविवारी जाऊन येतो. त्या आल्याच तर दोन रात्रींच्या वर राहत नाहीत. हा गुंता सुटलेला नाही. सुटेल असंही वाटत नाही.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं गाडीवरून मंडईला निघालो होतो. वाटेत फोन आला. एका जुन्या इमारतीत लिफ्ट मधेच अडकली होती आणि आत एक आजी होत्या. आम्ही तसेच वळलो. तो जिन्यानं वर मशीनच्या खोलीत गेला आणि मला म्हणाला, "तू दारापाशी थांब. बोलत ऱ्हा त्यांच्यासंगं."

लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे होती. जाळीतून मला आजींच्या चपला आणि पातळाचा काठ तेवढा दिसत होता.

"किती येळ लागंल गं?" त्यांचा आवाज कापत होता.

"आलेच ते. लय जपून काम करत्यात, म्हून जरा येळ लागतो."

"तुझा कोन?"

"नवरा."

"बरं हाय," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "गॅसवर पुरनाचं ठिवलंय गं मी. करपलं आसंल."

मी खालच्या मजल्यावरच्या मुलीला हाक मारून त्यांच्या घरी पिटाळलं. ती गॅस बंद करून आली, पुरण जरासंच लागलंय म्हणाली. मग आजींना आवाज फुटला. हरभऱ्याची डाळ कुठली घेतली, गूळ कसा चांगला मिळाला, सूनबाई कशी साखरच घालते, सगळं त्या अंधारातून मला सांगत राहिल्या. वर लोखंडाचा खडखडाट झाला, पिंजरा हळूहळू खाली सरकला आणि चपलांच्या वर अख्ख्या आजी दिसल्या. दार उघडल्यावर त्यांनी माझा हात असा धरला की तो सुटेना.

आम्हाला त्यांनी पुरणपोळी खाल्ल्याशिवाय जाऊ दिलं नाही. नवरा हात धुऊन, संकोचून पाटाच्या कडेवर बसला. पोळी जरा करपट लागत होती. त्यानं दोन खाल्ल्या आणि तिसरी मागून घेतली. आम्ही बाहेर पडलो तेव्हा मंडई उठली होती. भाजी न घेताच घरी आलो.